पृथ्वीराज चव्हाण यांना वारसाहक्काने नेमके काय मिळाले?

प्राजक्त (प्रश्न)

महाराष्ट्रातील राजकीय घराण्यांवर एक दीर्घ लेख लिहीत आहे. बहुतेक घराण्यांची मांडणी करताना फारशी अडचण आली नाही. आजोबांनी कारखाना उभारला, वडिलांनी जिल्हा बँक सांभाळली आणि मुलगा आमदार झाला, हा क्रम थोड्याफार फरकाने सगळीकडे सापडतो. पृथ्वीराज चव्हाण यांच्यापाशी मात्र माझी मांडणी अडली आहे.

कागदावर पाहिले तर त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. वडील आनंदराव उर्फ दाजीसाहेब चव्हाण हे १९५७ पासून १९७३ मध्ये निधन होईपर्यंत कराडचे खासदार होते आणि केंद्रात उपमंत्रीही झाले. त्यांच्या मागे त्याच जागेवरून आई प्रेमलाकाकी निवडून आल्या. १९९१ मध्ये त्याच कराडमधून मुलगा लोकसभेत गेला. एकच मतदारसंघ आई, वडील आणि मुलगा अशा तिघांकडे राहिल्यावर याला घराणेशाही म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे, असा प्रश्न कोणीही विचारील.

पण हा मुलगा राजकारणात आला तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता. पिलानीला यंत्र अभियांत्रिकी, मग अमेरिकेत बर्कलीला पदव्युत्तर शिक्षण आणि परतल्यावर अनेक वर्षे तंत्रज्ञानाचा व्यवसाय, असा त्याचा तोवरचा प्रवास होता. जिल्हा परिषद, पंचायत समिती, बाजार समिती यांपैकी एकही पायरी त्याने चढली नव्हती. २०१० मध्ये मुख्यमंत्री होईपर्यंत त्याने विधानसभेची निवडणूकसुद्धा कधी लढवली नव्हती. शिवाय १९९९ मध्ये कराडच्याच मतदारांनी त्यांना लोकसभेला पाडले आणि २०२४ मध्ये विधानसभेलाही पाडले. घराण्याच्या वारसदाराला घरच्या मैदानावर असे दोनदा हरावे लागते, याचा अर्थ कसा लावायचा?

माझे दोन प्रश्न आहेत. त्यांना वारसाहक्काने नेमके काय मिळाले? आणि त्यांची मुख्यमंत्रिपदाची जवळजवळ चार वर्षे जशी गेली, त्याचा या वारशाशी काही संबंध लावता येतो का? जाता जाता, यशवंतराव चव्हाणांशी त्यांचे नाते असल्याचे काही जण छातीठोकपणे सांगतात. त्यात तथ्य आहे का?

कृष्णाकाठचा

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. यशवंतरावांना मूलबाळ नव्हते, आणि पृथ्वीराजांचे घराणे वेगळे आहे. त्यांचे मूळ गाव पाटण तालुक्यातील कुंभारगाव. महाराष्ट्राला चव्हाण आडनावाचे चार मुख्यमंत्री मिळाले. त्यांपैकी शंकरराव आणि अशोकराव हे पितापुत्र सोडले तर बाकीच्यांचे एकमेकांशी नाते नाही. यशवंतराव आणि पृथ्वीराज हे दोघेही कराडचे असल्यामुळे बाहेरच्या माणसाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपण ज्याला काँग्रेसचे घराणे म्हणता, त्याची सुरुवात काँग्रेसच्या विरोधात झाली, हे आपल्या लेखात अवश्य यावे. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये दाजीसाहेब निवडून आले ते शेतकरी कामगार पक्षाचे म्हणून. पुढे ते काँग्रेसमध्ये आले आणि १९६२, १९६७ व १९७१ या तिन्ही निवडणुका त्यांनी काँग्रेसच्या वतीने जिंकल्या. पण त्या घराण्याची खरी ओळख ठरली ती प्रेमलाकाकींमुळे. आणीबाणीनंतर काँग्रेस फुटली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील भली भली मंडळी इंदिरा गांधींच्या विरोधी गटात गेली होती. खुद्द यशवंतरावही तिकडेच होते. अशा वेळी काकी इंदिराजींबरोबर राहिल्या आणि त्यांनी प्रदेशाध्यक्षपदही सांभाळले. यशवंतरावांच्या कराडमध्ये राहून यशवंतरावांच्या विरुद्ध बाजूला उभे राहणे म्हणजे काय, हे त्या काळात वावरलेल्यांनाच नीट समजेल. माझ्या मते पृथ्वीराजांना मिळालेला वारसा तो हाच: गांधी घराण्यावरील निष्ठा आणि तिच्या मोबदल्यात दिल्लीत मिळालेला विश्वास.

कृष्णाकाठी मात्र 'घराणे' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. इथे घराणे म्हणजे कारखाना. ज्याच्याकडे कारखाना आहे त्याच्याकडे हजारो सभासद असतात. त्यांच्या उसाची नोंद, तोडीची तारीख, गाळपानंतरचे बिल आणि सोसायटीचे कर्ज हे सगळे एकाच साखळीत गुंफलेले असते. त्याला जोडून दूध संघ, पतसंस्था, शाळा-महाविद्यालये येतात आणि त्यांतल्या नोकऱ्या येतात. निवडणूक पाच वर्षांनी येते, पण उसाची तोड दरवर्षी येते, आणि गटाची बांधणी त्या तोडीच्या काळात होते. रेठरे बुद्रुकच्या कृष्णा कारखान्याभोवती यशवंतराव मोहिते आणि जयवंतराव भोसले या बंधूंची (आडनावे वेगळी असली तरी ते सख्खे भाऊ) राजकारणे उभी राहिली, आणि पुढे त्यांच्यातील संघर्षाने कित्येक गावांत भाऊबंदकी लावली. पलीकडे कराड उत्तरेत सह्याद्री कारखाना आणि पी. डी. पाटील यांचा गट होता. दक्षिणेत डोंगराच्या अंगाला विलासकाका उंडाळकरांनी स्वतःचा वेगळा गट बांधला आणि १९८० पासून सलग सात वेळा विधानसभा जिंकली.

या नकाशावर पृथ्वीराजांचे घर शोधा. ते सापडत नाही, कारण दाजीसाहेबांनी आणि काकींनी आपले आयुष्य दिल्लीत काढले आणि स्थानिक संस्था दुसऱ्यांनी उभारल्या. लोकसभेच्या निवडणुकीत ही उणीव झाकली जात असे. खासदारकीला पक्षाचे चिन्ह आणि दिल्लीचे नेतृत्व पुरत असे. गावोगावची यंत्रणा आमदारांची आणि कारखान्यांची असे, आणि ती पक्षाच्या आदेशाने खासदारासाठी राबत असे. १९९१, १९९६ आणि १९९८ मध्ये हे गणित जमले. जून १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली आणि पश्चिम महाराष्ट्रातील सहकाराची बहुतेक यंत्रणा त्यांच्याबरोबर गेली. पृथ्वीराज, आईप्रमाणेच, गांधी घराण्याच्या बाजूला राहिले. त्यांच्या विरोधात उभे राहिलेले श्रीनिवास पाटील हे पवारांचे जुने मित्र आणि सनदी सेवेतून आलेले, म्हणजे तेही कारखानदार नव्हतेच. पण या वेळी यंत्रणा त्यांच्या मागे होती. आपण विचारलेल्या पहिल्या पराभवाचा अर्थ माझ्या दृष्टीने इतकाच आहे.

निवृत्त लेखनिक

मी त्या काळात सरकारी सेवेत होतो, त्यामुळे मुख्यमंत्रिपदाच्या काळाबद्दल चार शब्द लिहितो. जे लिहितो ते सर्वश्रुत आहे. कार्यालयातील गोष्टी बाहेर सांगण्याची मला हौस नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये आदर्श सोसायटीच्या प्रकरणावरून अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले, आणि पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री असलेल्या पृथ्वीराजांना दिल्लीहून मुंबईला धाडण्यात आले. त्यांनी ११ नोव्हेंबरला शपथ घेतली तेव्हा ते राज्याच्या विधिमंडळाचे सदस्यच नव्हते. नंतर त्यांनी विधान परिषदेचे सदस्यत्व घेतले. ज्या मंत्रिमंडळाचे ते प्रमुख झाले, त्यात अर्थ, जलसंपदा, गृह ही वजनदार खाती आघाडीतील सहकारी पक्षाकडे, म्हणजे राष्ट्रवादी काँग्रेसकडे होती. स्वतःच्या पक्षातही त्यांचा असा आमदारांचा गट नव्हता. ही जाणीव त्यांच्या कारभारात सतत दिसत असे: ज्याच्यामागे माणसे नाहीत, त्याच्याजवळ उरतो तो नियम.

मे २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर बरखास्त झाले आणि तिथे प्रशासक बसले. राज्यातील सहकाराची ती शिखर बँक आहे. कारखान्यांचा कर्जपुरवठा तिच्यावर अवलंबून, आणि तिच्या मंडळावर सहकारी पक्षाचा वरचष्मा. आघाडीतील कटुतेची सुरुवात माझ्या मते तिथून झाली. त्यानंतर सिंचनाचा विषय आला. दहा वर्षांत हजारो कोटी रुपये खर्च होऊनही ओलिताखालील क्षेत्र जवळजवळ वाढलेच नाही, असा निष्कर्ष आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून निघू लागला, आणि मुख्यमंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१२ मध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. वर्षअखेरीस श्वेतपत्रिका आली आणि तिच्या पाठोपाठ तेही मंत्रिमंडळात परत आले. एवढ्या गदारोळातून निष्पन्न काय झाले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ज्याची चर्चा वृत्तपत्रांत कमी झाली, पण ज्याला मी त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मानतो, ते मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील बदलाचे. पूर्वी बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे, जिने, कपाटांचे कोनाडे अशा गोष्टी चटईक्षेत्रात (म्हणजे भूखंडावर जितक्या बांधकामाला परवानगी असते त्यात) धरल्या जात नसत. त्या न धरण्याची सवलत द्यायची की नाही हे आयुक्तांच्या मर्जीवर असे, आणि विकासक तीच जागा ग्राहकाला घराचा भाग म्हणून विकत असे. जानेवारी २०१२ मध्ये हे सगळे चटईक्षेत्रात मोजायचे ठरले आणि त्याऐवजी शुल्क भरून ३५ टक्क्यांपर्यंत जादा क्षेत्र निवासी इमारतींना व २० टक्क्यांपर्यंत व्यापारी इमारतींना देण्याची तरतूद झाली. मर्जीच्या जागी दर आला आणि पैसा तिजोरीत जाऊ लागला. अशा निर्णयाने मते मिळत नाहीत, मात्र शत्रू हमखास मिळतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फाइल स्वतः वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा होता, आणि त्यामुळे निर्णयांना वेळ लागत असे, हे मी नाकारणार नाही. सही करताना हाताला लकवा भरतो की काय, अशा अर्थाची शरद पवारांची टीका त्या काळी खूप गाजली. ती टीका विरोधी बाकांवरून न येता आघाडीतील ज्येष्ठ नेत्याकडून आली, यातच त्या सरकारचे चित्र स्पष्ट होते. स्थानिक संस्था कराच्या प्रश्नावर २०१३ मध्ये व्यापारी रस्त्यावर उतरले, तेव्हाही कर तर्काला धरून असूनही लोकांशी बोलणी करण्यात सरकार कमी पडले. जादूटोणाविरोधी कायद्याच्या बाबतीत तर मनाला चुटपुट लागून राहिली आहे. वर्षानुवर्षे रखडलेला तो विषय डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर काही दिवसांतच वटहुकुमाच्या रूपाने मार्गी लागला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जे ऑगस्टच्या अखेरीस चार दिवसांत होऊ शकले, ते त्याआधी का झाले नाही? याचे उत्तर एकट्या मुख्यमंत्र्यांकडे नव्हते हे खरे, तरी प्रश्न त्यांनाही विचारला जाईल.

शंकासूर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु त्यांतून एक सोयीचे चित्र तयार होते आहे: कारखाना नसलेला, शिकलेला, नियमाने चालणारा सज्जन माणूस, ज्याला सहकारातल्या बलाढ्यांनी टिकू दिले नाही. मला हे चित्र अर्धेच पटते.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत कराड दक्षिणेत पृथ्वीराज हरले, त्याच दिवशी शेजारच्या कराड उत्तरेत बाळासाहेब पाटीलही हरले. ते पी. डी. पाटलांचे पुत्र, सह्याद्री कारखान्याचे धनी आणि १९९९ पासून सलग निवडून येणारे. कारखाना असलेला आणि नसलेला असे दोघेही एकाच दिवशी गेले. सातारा जिल्ह्यातील आठही जागा महायुतीने जिंकल्या. मग कारखाना नसल्यामुळे पराभव झाला, हे कसे म्हणता येईल? उलट २०१४ मध्ये, मुख्यमंत्रिपद नुकतेच गेलेले असताना आणि काँग्रेस राज्यात ४२ जागांवर आलेली असताना, याच बिनकारखान्याच्या माणसाने सात वेळच्या आमदाराला, विलासकाका उंडाळकरांना, सोळा हजारांहून अधिक मतांनी हरवले. २०१९ मध्ये कृष्णा कारखान्याच्या भोसले घराण्यातील अतुल भोसले यांनाही सुमारे नऊ हजारांनी हरवले. कृष्णाकाठचा यांच्या सिद्धांतात हे दोन विजय कुठे बसवायचे?

दुसरे म्हणजे, 'त्यांना संस्था मिळाल्या नाहीत' या वाक्यात 'म्हणून ते खरे वारसदार नव्हेत' असा ध्वनी आहे, आणि तो मला मान्य नाही. बर्कलीहून परतलेले अभियंते त्या पिढीत पुष्कळ होते. त्यांपैकी किती जणांना पंचेचाळिसाव्या वर्षी, एकही स्थानिक निवडणूक न लढवता, लोकसभेची सुरक्षित जागा देऊ केली गेली? १९९९ ला हरल्यावर २००२ मध्ये राज्यसभा, २००४ मध्ये पंतप्रधान कार्यालय, २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद. तिन्ही वेळा मतदाराला कोणी विचारले नाही; दिल्लीने दिले. कारखान्याच्या वारसदाराला निदान दर पाच वर्षांनी सभासदांपुढे जावे लागते, वार्षिक सभेत उसाच्या दरावरून शिव्या खाव्या लागतात. विश्वासाच्या वारसदाराला त्यातले काहीच नाही. घराणेशाहीचे याहून निर्भेळ रूप कोणते असेल?

त्यांच्या व्यक्तिगत स्वच्छ प्रतिमेबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र प्रतिमा वेगळी आणि वाट वेगळी. प्राजक्त यांनी लेखात दोन्हींची गल्लत करू नये.

कृष्णाकाठचा

शंकासूर यांचा दुसरा आक्षेप मी मान्य करतो. माझ्या लिहिण्यात तो ध्वनी होता आणि तो असायला नको होता.

पहिल्या आक्षेपाला मात्र उत्तर आहे, आणि ते आकड्यांपेक्षा लढतींच्या स्वरूपात आहे. २०१४ मध्ये २५ सप्टेंबरला काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडी आणि शिवसेना-भाजपची युती दोन्ही एकाच दिवशी तुटल्या, राष्ट्रवादीने पाठिंबा काढला, मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. पण कराडच्या मतदारासमोर उभा होता तो चार वर्षे राज्य चालवलेला माणूस. त्या चार वर्षांत तालुक्यात रस्ते, पूल, सरकारी इमारती अशी कामेही झाली होती. त्यातच लढत तिरंगी: अपक्ष उंडाळकर, भाजपचे अतुल भोसले आणि पृथ्वीराज. २०१९ मध्येही लढत तिरंगीच होती, कारण विलासकाकांचे चिरंजीव अपक्ष उभे होते. म्हणजे दोन्ही वेळा संस्थांच्या बळावर उभे असलेले दोन गट एकमेकांची मते खात होते, आणि मधल्या वाटेने पृथ्वीराज निघून गेले. २०२० च्या अखेरीस विलासकाका आणि पृथ्वीराज यांच्यात मनोमीलन झाले, थोड्याच दिवसांत जानेवारी २०२१ मध्ये काका गेले. कागदावर दोन्ही गटांच्या मतांची बेरीज केली तर २०२४ ची निवडणूक एकतर्फी व्हायला हवी होती. ती एकतर्फी झालीही, पण उलट्या बाजूने: सुमारे ३९ हजारांचा फरक. पस्तीस वर्षे एकमेकांविरुद्ध वावरलेले कार्यकर्ते व्यासपीठावरच्या एका हारतुऱ्याने एक होत नाहीत.

बाळासाहेब पाटलांचा पराभव हा वेगळा विषय आहे. त्यात लाट होती, हे मान्य. पण लाट ओसरल्यावर बाळासाहेबांकडे कारखाना उरतो आणि त्याभोवती माणसे उरतात. पृथ्वीराजांकडे काय उरते, हे विचारून पाहा.

निवृत्त लेखनिक

एक छोटीशी भर. ऑगस्ट २०२० मध्ये पक्षाला पूर्णवेळ आणि सक्रिय नेतृत्व हवे, असे पत्र काँग्रेसच्या २३ नेत्यांनी सोनिया गांधींना लिहिले होते. त्यावर पृथ्वीराजांचीही सही होती. प्रेमलाकाकींच्या मुलाची त्या पत्रावर सही असावी, याचे मला तेव्हा फार आश्चर्य वाटले होते. त्याआधी काही महिने महाविकास आघाडीचे सरकार स्थापन झाले, तेव्हा माजी मुख्यमंत्री असूनही त्यांना मंत्रिमंडळात घेतले गेले नव्हते. त्यामुळे काही जणांनी त्या सहीचा अर्थ नाराजी असा लावला. मला तो पुरेसा वाटत नाही. नाराज माणसे पक्ष बदलतात. त्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकी काहींनी पुढे तसे केलेही. पृथ्वीराज आजवर गेलेले नाहीत.

प्राजक्त

सर्वांचे मनापासून आभार. मी लेखात त्यांना 'सहकाराबाहेरचे अपवाद' या प्रकरणात टाकणार होतो. शंकासूर यांचा प्रतिसाद वाचल्यावर ते प्रकरणच मोडीत काढले आहे. आता एक नवे प्रकरण लिहितो आहे, ज्याचा विषय 'दिल्लीच्या विश्वासावर चाललेली घराणी' असा असेल, आणि त्याची सुरुवात १९९१ ऐवजी १९७८ च्या फुटीपासून, प्रेमलाकाकींपासून होईल. त्यासाठी मला त्या वर्षांतील कराडच्या स्थानिक वृत्तपत्रांची कात्रणे हवी आहेत. नगरपालिकेच्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती जपून ठेवलेली असल्याचे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.

कृष्णाकाठचा

कात्रणांचे पाहतो. पण त्याआधी कुंभारगावच्या बाजूला आणि कराडच्या जुन्या पेठांत जाऊन ऐंशी पार केलेल्या चार माणसांशी बोला. काकींच्या प्रचाराला कोणाच्या जीपगाड्या होत्या आणि कोणाच्या नव्हत्या, हे त्यांना अजून आठवते, आणि ते कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आलेले नाही.